शब्दांनी बांधलेले गाव

दशावतारी नाटक पाहताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. रंगमंचावर एक बाकडे असते आणि मागे पडदा. राजा बाकड्यावर बसला की दरबार भरतो. थोड्या वेळाने कोणी 'केवढे हे घोर अरण्य!' म्हणाला की तेथेच अरण्य दिसू लागते. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेले, बोल मात्र ज्याचे त्याने रचायचे. शब्दांनी जग उभे करण्याची रीत आपल्याकडे अशी जुनीच आहे. संगणकावरही असाच एक खेळ चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहावयास घेतला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढविला. त्यात चित्र नाही. पडद्यावर स्थळाचे वर्णन उमटते, खेळणारा 'उत्तरेस जा' अशी आज्ञा टंकित करतो आणि पुढचे स्थळ येते. एकाच वेळी अनेक जण तेथे वावरतात, एकमेकांशी बोलतात. या जगाचे मुख्य घटक तीन: स्थळ, वाट आणि वस्तू.

सामान्य खेळाडूला मात्र त्यात नवे स्थळ बांधता येत नसे. १९८९ साली जेम्स आस्पनेस याच्या 'टायनीमड'ने ती मुभा दिली. तेथील आज्ञेचे नावच 'डिग', म्हणजे खणणे! १९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस याच्या 'लॅम्डामू'त वस्तूंचे वागणेही खेळाडूंना ठरविता येऊ लागले.

आता आपण वालावल बांधावयास घेऊ. लक्ष्मीनारायणाचे देऊळ हे एक स्थळ, शेजारचे विस्तीर्ण तळे हे दुसरे, माडांच्या बागा हे तिसरे. देवळातून तळ्याकडे वाट खणली आणि परतीची खणावयास विसरलो, तर खेळणारा तळ्याकाठीच अडकेल! म्हणून चांगल्या साधनाने 'परतीची वाट हवी का?' असे आपणहून विचारावे व बांधलेल्या भागाचा नकाशा समोर ठेवावा. तसेच आषाढातले तळे आणि वैशाखातले तळे एकच नव्हे. एका स्थळाला ऋतूनुसार निरनिराळी वर्णने जोडण्याची सोय हवी.

खरी अडचण पुढेच आहे. जुनी साधने इंग्रजीच्या मापाने बेतलेली. इंग्रजीत 'घेतले' हे क्रियापद वस्तूप्रमाणे बदलत नाही. मराठीत नारळ उचलला, घागर उचलली, फूल उचलले. साधनाने वस्तूचे लिंग विचारून ठेवले नाही, तर 'घागर उचलला' असे वाक्य उमटेल आणि वाचणारा हसेल. नामाला नुसता प्रत्यय चिकटवूनही भागत नाही. 'तळे'चे 'तळ्यात' होते, 'देऊळ'चे 'देवळात'. म्हणजे प्रत्येक नामाचे सामान्यरूपही नोंदवावयास हवे. शिवाय इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते. आपण 'घागर उचल' म्हणतो, क्रियापद शेवटी. लिपीचेही तसेच. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते, इंग्रजी अक्षर १ बाइट. बाइट मोजून ओळ तोडणारे जुने साधन आपली अक्षरे मधोमध फोडते.

या सुधारणा वरवर किरकोळ वाटतील. पण तळ्याच्या कोणत्या काठाला सावली केव्हा येते, कोणत्या पाणंदीतून बागेत उतरता येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना संगणकाची आज्ञावली लिहिता येत नाही. आणि ज्यांना ती येते त्यांनी ती पाणंद पाहिलेली नसते. साधनाने सोप्या मराठीत प्रश्न विचारले, तर गावातली आजीसुद्धा उत्तरे देऊन आपले गाव बांधू शकेल. तसे झाले नाही, तर या जगात वालावल येईल ते परक्याने ऐकीव माहितीवर बांधलेले. आपल्यापैकी जे विद्यार्थी संगणक शिकत आहेत, त्यांनी हे काम हाती घ्यावे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या शेजारी बसावे. सामान्यरूपांची यादी तर आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात तयारच आहे.