आईबापांना पुन्हा ताटापाशी बसवणारा उपचार

1873 साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी एका चमत्कारिक आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. वयात येणाऱ्या मुली जेवण टाकतात, वाळून काडी होतात, तरी दिवसभर थकवा नसल्यासारख्या हिंडत असतात. छाती तपासा, पोट तपासा, रोग कुठेच सापडत नाही. अशा मुलीला ठरावीक वेळी खाऊ घाला, पण ते काम नातेवाइकांवर सोपवू नका, कारण शुश्रूषेला त्यांच्याइतकं निरुपयोगी कुणी नसतं, असं गल यांचं मत होतं. त्याच वर्षी पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी या घरांतलं वातावरण टिपलं. आईवडील आधी विनवण्या करतात, मग धाक घालतात, आणि दोन्हीचा जोर वाढतो तसतशी मुलगी अधिकच हटून बसते. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी तर आंगुलेमहून आलेल्या एका मुलीच्या आईवडिलांना तिच्यापासून दूर व्हायला लावलं. ते गेले असं तिला वाटल्यावरच ती जेवू लागली, असं त्यांनी नोंदवलं आहे.

घर हाच अपथ्याचा भाग, ही समजूत पुढे शंभर वर्षं टिकली. नाझी जर्मनीतून निसटून अमेरिकेत स्थिरावलेल्या हिल्डे ब्रूक यांनी तिला मानसशास्त्रीय पाया दिला. बाळ रडलं की ते भुकेनं रडतंय, थंडीनं की भीतीनं, हे न ओळखता आई आपल्याच अंदाजाने त्याला भरवत राहिली, तर भूक म्हणजे काय हे त्या मुलाला आतून कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. अशी मुलगी मोठी होते ती गुणी, आज्ञाधारक, पहिल्या नंबराची. पण आपलं म्हणावं असं तिच्या हाती काहीच नसतं. मग निदान स्वतःच्या शरीरावर तरी ती सत्ता गाजवते. ब्रूक यांनी रेखाटलेली ही मुलगी आजही डॉक्टरांना भेटते. तिच्या आईवर ठेवलेला ठपका मात्र पुराव्याच्या मानाने फार जड होता, आणि तो कित्येक आयांनी जन्मभर वाहिला.

फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी घरच्यांना बाहेर न काढता उलट आतच बोलावलं आणि सगळ्यांना दुपारचं जेवण मागवून दिलं. मुलीला जेवायला लावा, असं आईवडिलांना सांगून ते पाहत बसत. 1978 च्या पुस्तकात त्यांनी अशा घरांची लक्षणं मांडली: माणसं एकमेकांत नको तितकी गुंतलेली, मुलांना अति जपणारी, बदलाला न सरावणारी आणि भांडण टाळण्यासाठी गप्प राहणारी.

यात एक मोठा प्रश्न दडलेला होता. अशा घरांमुळे आजार होतो, की आजारामुळे घरं अशी होतात? उत्तराचा एक धागा फार आधी सापडला होता. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे सगळे शरीराने धडधाकट आणि मनाने खंबीर म्हणून निवडलेले. काही आठवड्यांतच ते घास चिवडत तासन्‌तास जेवू लागले, ताटल्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड वाढली, माणसं नकोशी झाली. यांच्या आयांनी काय चुकवलं होतं? मुलीच्या हट्टाचा, तुटकपणाचा बराचसा भाग स्वभावाचा नसून उपासमारीचा असतो, हे या प्रयोगामुळे समजलं. आणि पोटचं पोर डोळ्यांदेखत झिजत असताना कुठलं घर शांत राहील?

लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये ख्रिस्तोफर डेअर आणि इव्हान आयस्लर यांनी मूळ कारण शोधण्याचा नादच सोडला. दोष कुणाचाच नाही, पण मुलीला जेवू घालण्याचं काम आईवडिलांचंच, ही त्यांची भूमिका. पद्धत अशी: उपाशी मुलीला जे आणि जितकं लागेल असं आईवडिलांना वाटतं, तसा डबा त्यांनी घरून आणायचा. सगळं कुटुंब दवाखान्यात जेवायला बसतं. थेरपिस्ट स्वतः भरवत नाही. मुलीच्या शेजारी बसा, दोघांनी एकच सूर धरा, वाद घालू नका, असं तो आईवडिलांना हळू आवाजात सुचवत राहतो. मुलीने ठरवलं होतं त्याहून एक घास जास्त पोटात जावा, एवढंच त्या दिवशीचं उद्दिष्ट. भावंडांवर भरवण्याची जबाबदारी नसते. त्यांनी फक्त तिची सोबत करायची. काऊ-चिऊचे घास भरवून वाढवलेल्या मुलीसमोर पंधराव्या वर्षी पुन्हा असं बसणं आईला किती जड जात असेल! वजन सावरलं की जेवणाचा ताबा हळूहळू मुलीकडे परत जातो.

1987 साली 80 रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की आजार वयाच्या 19 वर्षांच्या आत सुरू झालेला असेल आणि तीन वर्षांहून जुना नसेल, तर कौटुंबिक उपचार एकट्या रुग्णाच्या समुपदेशनापेक्षा सरस ठरतो. 2010 च्या अमेरिकी चाचणीत, उपचार संपून वर्ष झाल्यावर, कौटुंबिक पद्धतीच्या 49 टक्के मुलामुली पूर्ण बऱ्या झालेल्या होत्या. वैयक्तिक उपचारात हे प्रमाण 23 टक्के होतं.

घराचा काहीच वाटा नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. ज्या घरांत मुलीवर सतत टीका होते, तिथे हाच उपचार तोकडा पडतो. अशा वेळी आईवडिलांना वेगळं भेटणं बरं, असं आयस्लर यांच्या गटाला आढळलं. वजनावरून केलेली चेष्टा मुलांच्या मनात वर्षानुवर्षं ठुसठुसत राहते. त्यात परिपूर्णतेचा ध्यास आणि स्वतःविषयीचं हीन मत यांची भर पडली की धोका वाढतो. 2019 मध्ये सुमारे 17 हजार रुग्णांच्या जनुकीय तपासणीत या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनोविकारांबरोबरच चयापचयाशीही निघाला.

आपल्याकडे ‘जाडी झालीस गं’ हे लग्नघरातलं पहिलं वाक्य असतं, आणि चतुर्थी, गुरुवार, शनिवार असे उपास वाढत गेले तर मुलीचं कौतुकच होतं. त्यामुळे न जेवणं लक्षात यायला उशीर होतो. पाळी थांबली, सारखी थंडी वाजू लागली, चक्कर येऊ लागली, जेवणानंतर मुलगी लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, तर आधी डॉक्टरकडे न्यावं. मुलगेही या आजारातून सुटलेले नाहीत. सरकारच्या टेली-मानस सेवेत 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, आणि हा फोन आईवडिलांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.