सहा महिन्यांचे औषध, एका टोचणीत

डब्यात दोन सिरिंज असतात. एकीत दाटसर द्रव, दुसरीत औषधाची पूड. नर्स दोन्हींची तोंडे जोडते आणि द्रव या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये ढकलत राहते. मिश्रण एकजीव झाले की अर्ध्या तासाच्या आत ते टोचायचे, नाहीतर सरळ फेकून द्यायचे. ‘एलिगार्ड’ नावाचे हे इंजेक्शन प्रोस्टेटच्या बळावलेल्या कर्करोगावर देतात. त्यातले सर्वांत लांब पल्ल्याचे इंजेक्शन 45 मिलिग्रॅमचे, आकारमान जेमतेम 0.375 मिलिलिटर. एवढ्यावर रुग्णाचे सहा महिने निघतात.

यातले औषध ल्युप्रोलाइड, म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. गोळी करून दिली तर ती पोटातच पचून जाईल, म्हणून सुईला पर्याय नाही. पण उतारवयातल्या माणसाला रोज कोण टोचणार?

या अडचणीवरचा एक तोडगा 1980च्या दशकात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या सदर्न रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रिचर्ड डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्यासाठी त्यांनी निवडलेले पॉलिमर शल्यचिकित्सकांच्या ओळखीचे होते. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनणाऱ्या या पदार्थाचेच आपोआप विरघळणारे टाके करतात. ते पाण्यात विरघळत नाही, पण एनएमपी नावाच्या द्रावकात सहज विरघळते. आणि हे द्रावक पाण्यात कितीही मिसळते. सगळी गंमत या दोन गुणांच्या जोडीत आहे. मिश्रण कातडीखाली गेले की द्रावक आजूबाजूच्या ऊतींमध्ये निसटते, ऊतींमधले पाणी आत शिरते आणि एकटे पडलेले पॉलिमर औषधाला पोटात घेऊन घट्ट होते. पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकल्यावर गोळी बनावी, तसेच. फक्त पाक गारव्याने आळतो. इथे द्रावक निघून गेल्याने गोळी बनते. शस्त्रक्रिया नाही, चीर नाही. रोपण शरीरातच तयार होते.

पुढचे काम पाण्याचे. ते पॉलिमरच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते आणि औषध पाझरत राहते. उरलेली आम्ले शरीर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून बाहेर टाकते. हे किती दिवसांत व्हावे, ते मुख्यतः दोन आम्लांच्या प्रमाणावर ठरते. लॅक्टिक घटक पाण्याला जरा लांबच ठेवतो, त्यामुळे तो जितका जास्त तितकी गाठ टिकाऊ. एलिगार्डच्या एका महिन्याच्या इंजेक्शनात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक निम्मे-निम्मे असतात, तीन महिन्यांच्यात 75 ला 25, सहा महिन्यांच्यात 85 ला 15. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाचे आकारमानही 0.375 मिलिलिटरच; त्यात औषध मात्र निम्मे, 22.5 मिलिग्रॅम. इतक्या साध्या किल्लीने इतके लांबचे वेळापत्रक बसवता यावे, हे कौतुकाचेच.

अर्थात वेळापत्रक अगदी काटेकोर नसते. गाठ घट्ट होण्याआधीच, द्रावकाच्या सोबतीने, बरेचसे औषध पहिल्या काही तासांत बाहेर पडते. हा सुरुवातीचा लोंढा आवरणे ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे.

हेच तंत्र 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘सब्लोकेड’मध्ये आहे. अफूजन्य व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज जिभेखाली ठेवावी लागते. ती चुकते, कधी दुसऱ्याला विकलीही जाते. महिन्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन घेतले की हा प्रश्नच मिटतो. टोचलेल्या जागी गाठ काही आठवडे हाताला लागते. ती चोळायची नाही, कमरेचा पट्टाही तिच्यावर घासू द्यायचा नाही. औषध नकोसे झाले तर पहिल्या 14 दिवसांत शस्त्रक्रियेने गाठ काढता येते.

मात्र जो गुण कातडीखाली उपयोगी, तोच शिरेत जीवघेणा. हे मिश्रण कुणी शिरेत टोचून घेतले, तर ते रक्तातच घट्ट होऊन रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाकडची वाट बुजवू शकते. म्हणून तशी ठळक चौकट सब्लोकेडच्या माहितीपत्रकावर छापलेली असते, आणि हे इंजेक्शन रुग्णाच्या हातात कधीच दिले जात नाही. आरोग्य कर्मचारीच ते टोचतात.