मोंढ्यातला नमुना आणि अजिंठ्याचे जहाज

परभणीच्या मोंढ्यात माल आला की व्यापारी सगळी पोती रिकामी करून पाहत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो, उजेडात धरतो, दाताखाली एक दाणा फोडतो आणि भाव बोलतो. नमुना खरा असेल तर शंभर पोत्यांचा व्यवहार त्या मुठीवर होतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्यात शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करणे हा उद्योग परका वाटेल. परंतु प्रतिकृती म्हणजे तरी दुसरे काय? जहाजाचा नमुनाच तो. आणि अलीकडच्या काळातील भारतातील सर्वांत धाडसी जहाजाची कथा मराठवाड्यातीलच एका भिंतीपासून सुरू होते.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास रंगवलेले एक व्यापारी जहाज आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडे, पुढच्या टोकावर रेखलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही आणि रांगेने मांडलेले मालाचे रांजण. समुद्राकाठी न राहणाऱ्या चित्रकाराने ते काढले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. पैठणचे गोमेदासारखे मौल्यवान दगड, तेरचे जाडेभरडे कापड आणि मलमल. गोदाखोऱ्यातील पेढ्यांचा माल समुद्रापर्यंत पोहोचत होता.

जैन कथावाङ्मयालाही हा समुद्र अपरिचित नाही. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील माकंदीचे पुत्र जिनपालित आणि जिनरक्षित अकरा सफरी सुखरूप करून आले आणि बाराव्या सफरीत त्यांचे जहाज फुटले. श्रीपाल आणि धवल शेठ यांच्या जहाजांची कथा तर घराघरांत सांगितली जाते. कथा टिकल्या, चित्र टिकले. टिकली नाही ती जहाज बांधण्याची रीत, कारण ती कागदावर उतरलीच नव्हती. कारागिरांच्या हातांत होती.

हे जहाज पुन्हा बांधायचे ठरले तेव्हा हीच अडचण समोर आली. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला. 12 सप्टेंबर 2023 रोजी जहाजाचा तळकणा बसवण्यात आला. आराखडा मात्र एकही उपलब्ध नव्हता. भिंतीवरच्या चित्रात जहाजाची एकच बाजू दिसते. पाण्याखालचा भाग कसा होता, रुंदी किती, वाऱ्याने ते किती कलेल, हे चित्र सांगत नाही. म्हणून नौदलाने आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्याने आधी जहाजाची प्रतिकृती पाण्यात तपासली.

येथे दाण्यांचा नमुना आणि जहाजाचा नमुना यांच्यातील भेद ध्यानात घ्यावा लागतो. मूठभर तूर ही पोत्यातील तुरीसारखीच असते. जहाज लहान केले की सर्वच गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. तयार जहाज 19.6 मीटर लांब आणि 6.5 मीटर रुंद आहे. पन्नासास एक हे प्रमाण धरले तर प्रतिकृती 39.2 सेंटिमीटर लांब आणि 13 सेंटिमीटर रुंद होईल. शिडाचे क्षेत्रफळ मात्र 2,500 पटींनी घटेल आणि वजन 1,25,000 पटींनी. म्हणजे 50 टनांच्या जहाजाची प्रतिकृती पाण्यात योग्य खोलीवर तरंगायची तर तिचे वजन 400 ग्रॅमच हवे. वेगाचा हिशेब आणखी निराळा. तो प्रमाणाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे सात पटींनी, कमी होतो. खरे जहाज ताशी 7 किलोमीटर जात असेल, तर प्रतिकृती ताशी 1 किलोमीटरने ओढूनच लाटांची योग्य तुलना करता येते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने हा नियम मांडला आणि तेव्हापासून मोठी जहाजे आधी हौदात तरंगू लागली.

घरी प्रतिकृती करणाऱ्यालाही हे गणित उपयोगी पडते. वखारीतील सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढाव्यात, गरम पाण्यात भिजवून त्यांना बाक द्यावा. अजिंठ्याच्या जहाजाची प्रतिकृती करायची तर क्रमही उलटा ठेवावा लागतो. युरोपीय पद्धतीत बहुधा आधी सांगाडा उभा राहतो, मग फळ्या बसतात. शिवलेल्या जहाजात आधी फळ्या एकमेकींना शिवून कवच तयार होते आणि आतील बरगड्या नंतर येतात. प्रत्येक फळीच्या कडेला बारीक भोके पाडून सुती दोऱ्याने टाके घालताना कारागिराच्या सहनशीलतेचा अंदाज येतो. जैन कुटुंबांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. सुतारकामातील जुना सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतो. त्याऐवजी बाजारात मिळणारा पांढरा कृत्रिम डिंक वापरावा.

गोव्यात हेच काम पूर्ण आकारात झाले. केरळचे अनुभवी जहाजकारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली काथ्याचे दोर, नारळाचा काथ्या आणि नैसर्गिक राळ वापरून हजारो टाके हातांनी घातले गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज पाण्यात उतरले, 21 मे 2025 रोजी कारवार येथे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. डिसेंबर 2025 च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी 2026 मध्ये ते मस्कतला पोहोचले.

अनेक व्यापारी घराण्यांत पणजोबांच्या चोपड्या जपलेल्या असतात. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, सारे त्यांत लिहिलेले असते. परंतु कापसाचा तंतू बोटांत ओढून त्याची लांबी कशी ओळखावी, धान्यातील ओल मुठीत कशी समजावी, हे त्या चोपड्यांत क्वचितच सापडते. ते आजोबांच्या शेजारी गादीवर बसूनच शिकावे लागते. ‘कौंडिण्य’साठी चित्र अजिंठ्याने दिले, गणित प्रयोगशाळेने दिले, पण टाका कसा घालावा हे सांगणारे हात केरळात अजून शिल्लक होते, म्हणून जहाज उभे राहिले. सुटीच्या दिवसांत नातवंडांसह चाळीस सेंटिमीटरचे जहाज शिवायला बसणाऱ्या आजोबांना हे निराळे सांगावे लागणार नाही.