दीड हजार मीटर आणि चार सेंटिमीटर

पुरुषांची १५०० मीटर स्पीड स्केटिंग शर्यत चारशे मीटरच्या बर्फाळ धावपट्टीवर पावणेचार फेऱ्यांत संपते. एका वेळी दोघेच धावतात; खरी लढत मात्र घड्याळाशी असते. १५ फेब्रुवारी २०१४ रोजी सोची ऑलिंपिकमध्ये पोलंडचा झ्बिग्न्येव ब्रुत्का आणि नेदरलँड्सचा कून वेरवाय या दोघांच्याही नावापुढे १ मिनिट ४५.०० सेकंद हीच वेळ लागली. सहस्रांश तपासले, तेव्हा ब्रुत्काचे ४५.००६ निघाले आणि वेरवायचे ४५.००९. ताशी ५१ किलोमीटरच्या सरासरी वेगाने हा फरक जेमतेम चार सेंटिमीटर भरतो. तेवढ्यावर सुवर्णपदक अग्निशमन दलात नोकरी करणाऱ्या ब्रुत्काला मिळाले.

या वेगाला मुख्य अडसर बर्फाचा नसतो, हवेचा असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून स्केटर पाठ जवळजवळ आडवी ठेवतो आणि गुडघे खोल वाकवतो. त्याची किंमत मांड्या मोजतात: स्नायू सतत ताणात राहिल्याने रक्तपुरवठा आवळला जातो, ऑक्सिजन कमी पडतो आणि शेवटच्या फेरीत पाय अक्षरशः जळू लागतात. पहिले तीनशे मीटर जोरात काढून पुढे वेग कमीत कमी घसरू देणे, एवढेच हाती उरते.

वळण हा सर्वांत देखणा भाग. आतल्या मार्गिकेची त्रिज्या सुमारे २६ मीटर. सेकंदाला १४ मीटर वेगाने ते घेताना गुरुत्वाकर्षणाच्या पाऊण पटीहून अधिक त्वरण आतल्या बाजूला लागते, त्यामुळे शरीर जवळपास चाळीस अंशांनी कलते. उजवा पाय डाव्यावरून पुढे पडतो आणि दोन्ही पायांचे रेटे बाहेरच्याच बाजूला बसतात.

रेटा पूर्ण वसूल करण्याचे काम क्लॅप स्केट करतो. त्याचे पाते बुटाला फक्त चवड्याखाली बिजागरीने जोडलेले असते, टाच मोकळी. टाच उचलली तरी पाते बर्फावर टेकलेले राहते, त्यामुळे पोटरीचा जोरही कामी येतो; मग स्प्रिंगने ते टाळीसारखा आवाज करत मिटते. १९९८च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत बहुतेकांनी जुने स्केट टाकून दिले होते.

सोचीचे मैदान काळ्या समुद्राच्या काठी होते. साधारण १,४०० मीटर उंचीवरच्या सॉल्ट लेक सिटीत मार्च २०१९ मध्ये क्येल्ड नाउस या स्केटरने हेच अंतर १ मिनिट ४०.१७ सेकंदांत कापले. तिथली हवा विरळ, त्यामुळे विरोध कमी. श्वासातला ऑक्सिजनही घटतो, पण पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीत हा सौदा फायद्याचाच पडतो.