मोर्चा संपतो, अपील सुरू होते

महाडच्या चवदार तळ्याची २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण १७ मार्च १९३७ रोजी काय झाले असे विचारले, तर भले भले कार्यकर्ते गप्प होतात. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यातील सवर्णांचे अपील फेटाळले. बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेल्या पाण्यावर कायद्याची मोहोर उठायला दहा वर्षे लागली. सत्याग्रह आपण स्मरणात ठेवला, ती दहा वर्षांची कोर्टातली लढाई मात्र विसरलो. अत्याचाराचे खटले वरच्या न्यायालयात ढासळतात तेव्हा या विसरण्याची किंमत कळते.

ती लढाई कशी झाली? १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. बाबासाहेब प्रतिवादी होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला हजारो लोक महाडात जमलेले असताना बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले, पण तळ्यावर जाणे तहकूब केले. पुढे प्रत्येक कागद त्यांनी काळजीने दाखल केला. वाद्यांचे म्हणणे होते की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. सवर्ण ठाण्याला अपिलात गेले, तेथे १९३३ साली हरले. मग दुसरे अपील घेऊन मुंबईला गेले, तेथे १९३७ साली हरले. गेल्या काही वर्षांत अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते एवढे दाखवून प्रथा अनादी ठरत नाही, हे उच्च न्यायालयानेही मान्य केले. खाली पुरावा पक्का नोंदला गेला होता, म्हणून वर तो हलला नाही.

येथेच अपिलाचे मर्म आहे. आपल्या लोकांची समजूत अशी की खाली हरलो तर वर जाऊ आणि सगळे नव्याने मांडू. तसे होत नाही. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. न्यायमूर्तींसमोर येतो तो खालच्या न्यायालयात तयार झालेला कागद : फिर्याद, पंचनामा, जबाब, उलटतपासणी, वैद्यकीय अहवाल. नवा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती अपवाद म्हणून. जे खाली लिहिले गेले नाही ते वर बोलता येत नाही. दिवाणी दाव्यात तर पहिले अपील हीच वस्तुस्थिती तपासण्याची शेवटची पायरी असते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हात घालते. वतनाच्या, इनामाच्या, गायरानाच्या जमिनींसाठी भांडणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. सात-बारा, फेरफार, जुन्या नोंदी पहिल्या न्यायालयातच आल्या पाहिजेत.

फौजदारीत नियम वेगळे आहेत. शिक्षा झालेला आरोपी अपिलात गेला तर उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तोलते आणि शंका उरली तर आरोपीला सोडते. फाशीची शिक्षा तर उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलातच येत नाही. उलट आरोपी खालीच सुटला असेल तर त्याच्या निर्दोषत्वाचे गृहीतक दुप्पट घट्ट होते. पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा निष्कर्ष कायम राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चंद्रप्पा खटल्यात हे नियम पुन्हा एकत्र मांडले. म्हणजे खाली मिळवलेली शिक्षा वर टिकवणे अवघड, आणि खाली झालेली सुटका वर फिरवणे त्याहून अवघड.

या नियमाला शिव्या देऊन चालणार नाही. चोरीच्या, दरोड्याच्या संशयावरून पारधी वस्तीतली पोरे उचलली जातात. दंगलीच्या गुन्ह्यात आपल्याच वस्तीतल्या तरुणांची नावे घातली जातात. त्यांना वाचवणाराही हाच नियम आहे. प्रश्न नियमाचा नाही, त्या नियमापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदाचा आहे. आणि तो कागद कोण तयार करतो? बहुतेक वेळा गावातल्या दांडग्यांशी ऊठबस असलेले पोलीस ठाणे.

बिहारचे उदाहरण घ्या. ११ जुलै १९९६ रोजी बथानी टोला येथे २१ जणांची कत्तल झाली. १ डिसेंबर १९९७ रोजी रणवीर सेनेने लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ जणांना मारले. २०१० साली दोन्ही खटल्यांत सत्र न्यायालयांनी शिक्षा दिल्या. बाथे प्रकरणात १६ जणांना फाशी आणि १० जणांना जन्मठेप झाली. लोकांना वाटले, न्याय झाला. पण पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ साली बथानी टोलाच्या खटल्यातील आणि ९ ऑक्टोबर २०१३ रोजी बाथेच्या खटल्यातील सर्व दोषींना सोडून दिले. साक्षीदारांवर विश्वास ठेवता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अंधारात लपून आपली माणसे मरताना पाहणाऱ्यांची साक्ष कागदावर तोकडी ठरली. मग ५८ माणसे मारली कोणी? या प्रश्नाचे उत्तर देणे अपील न्यायालयाच्या कामात बसत नाही. ते काम तपासाचे होते.

आपल्या महाराष्ट्रातले खैरलांजी पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी दिली. पेढे वाटले गेले. परंतु त्याच निकालात अॅट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे म्हटले होते, तिकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि हत्या जातीवरून नव्हे तर सूडातून झाली, हे म्हणणे कायम ठेवले. गावातल्या माणसाला सूड घेण्याचे एवढे धाडस जातीच्या जोरावरच येते, हे आपल्याला दिसते. पण ते साक्षीत, तपासात, सरकारी वकिलाच्या प्रश्नांत उतरले नाही, तर कोर्टाला दिसत नाही. त्या वेळच्या कायद्यात गुन्हा जातीच्या कारणावरूनच घडला हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांत पीडिताची जात आरोपीला ठाऊक होती, एवढे पुरेसे केले. पण ठाऊक होती, हेही कोणीतरी साक्षीत सांगावे लागतेच.

दुसरी गोष्ट अशी की अपील ही आता केवळ सरकारची मर्जी राहिलेली नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतः अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित अपील करू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४१३ मध्ये हा हक्क कायम आहे. त्यासाठी न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. मात्र शिक्षा कमी झाली, एवढ्याच कारणाने पीडिताला अपील करता येत नाही, ते सरकारनेच करायचे. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात कलम १४अ प्रमाणे ९० दिवसांत उच्च न्यायालयात जावे लागते. निषेधसभा, निवेदने, नेत्यांच्या भेटी यांतच हे ९० दिवस निघून जातात आणि निकालाची प्रतसुद्धा कोणी काढलेली नसते.

तेव्हा चळवळीने आपली कामाची पद्धत बदलली पाहिजे. अत्याचार झाला की पहिल्या दिवशी मोर्च्याची तयारी जरूर करा, पण एक माणूस फिर्याद नीट लिहिली जाते की नाही हे पाहायला ठाण्यात बसवा. साक्षीदारांचे जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्या. फितुरी तेथेच अडते. १९९५ च्या नियमांनुसार पीडिताच्या इच्छेने जिल्हाधिकारी विशेष न्यायालयात नामवंत वकील देऊ शकतात, त्यासाठी लेखी अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे वस्तीत सांगा. या कायद्याखालील कामकाजाचे चित्रीकरण करावे असे कलम १५अ म्हणते. ते प्रत्येक खटल्यात मागा, म्हणजे साक्षीदार कसा बोलला हे वरच्या न्यायमूर्तींनाही पाहता येईल.

प्रत्येक तालुक्यात एक वही असावी. कोणता खटला कुठे आहे, पुढची तारीख काय, निकाल कधी लागला, अपिलाची मुदत कधी संपते, हे तीत लिहिलेले असावे. समाजातल्या वकिलांनी, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती वही सांभाळावी. बाबासाहेबांनी महाडचा एक दावा दहा वर्षे तिन्ही पायऱ्यांवर सोडला नाही. आपण निदान ९० दिवस तरी मोजायला शिकूया.

जयभीम!