ऐक्य : अर्थासह आणि अर्थाविना

वैशाखरे असो वा मुरबाड-शहापूरकडील दुसरे कोणतेही गाव, विहारातील प्रवचनानंतर उपासक एक प्रश्न हमखास विचारतात : रिपब्लिकन ऐक्य टिकत का नाही? विनयपिटकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

महावग्गाच्या दहाव्या खंधकात कोसंबीच्या भिक्खूंचा कलह वर्णिला आहे. एका भिक्खूकडून विनयभंग घडला की नाही, एवढ्यावरून संघ दुभंगला. तथागतांनी समजावूनही भिक्खू ऐकेनात, तेव्हा ते कोसंबी सोडून निघून गेले. पुढे उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे व भिक्षा देणे थांबविले. मग मात्र भिक्खू श्रावस्तीला गेले. ज्याच्यावरून वाद पेटला होता, त्या भिक्खूने धम्म व विनय तपासून आपला दोष मान्य केला. त्यानंतरच संघसामग्गी, म्हणजे संघाचे ऐक्य, झाले.

याच खंधकात उपालि थेरांना भगवंतांनी सामग्गीचे दोन प्रकार सांगितले आहेत. कलहाच्या मुळाशी न जाता केलेल्या ऐक्यात ब्यञ्जन, म्हणजे शब्द, असतो. अत्थ, म्हणजे आशय, नसतो. मूळ शोधून, निर्णय करून साधलेल्या ऐक्यात दोन्ही असतात.

बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे स्थापन झाला आणि १९५९ मध्येच 'दुरुस्त' व 'नादुरुस्त' असा दुभंगला. बी. सी. कांबळे यांचा भर घटनात्मक मार्गावर, तर दादासाहेब गायकवाड यांचा भूमिहीनांच्या सत्याग्रहावर होता. पुढे काँग्रेसशी समझोत्यावरून नवे गट पडले. मार्ग कोणता आणि युती कोणाशी, हे या कलहाचे मूळ होय. जनतेच्या रेट्याने ऐक्य पुनःपुन्हा झाले. १९९८ साली प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. १९९९ च्या निवडणुकीस मात्र गट पुन्हा वेगळे झालेले होते. ऐक्याचे सामर्थ्य सिद्ध झाले, मूळ तसेच राहिले.

राष्ट्रांचीही हीच गत होते. दोन्ही कोरियांनी १९७२ व २००० साली एकीकरणाची संयुक्त निवेदने काढली. मूळ वैर मिटले नाही, आणि २०२३ च्या अखेरीस उत्तर कोरियाने ते ध्येयच सोडून दिले.

कोसंबीच्या उपासकांनी भिक्खूंना समेटाला भाग पाडले. तो समेट टिकाऊ केला दोषाच्या तपासणीने. म्हणून नेते एका व्यासपीठावर कधी येणार, एवढेच विचारून उपासक-उपासिकांनी थांबू नये. युती कोणत्या अटींवर, निर्णय कोणी घ्यावयाचा आणि मतभेद कोठे मिटवावयाचे, याची उत्तरे ऐक्याच्या घोषणेपूर्वीच मागितली पाहिजेत.