काठी, मुरूम आणि निळे मैदान

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने स्पेनला 2-1 असे हरवून हॉकीचे कांस्यपदक घेतले, तेव्हा आमच्या वसतिगृहातली मुले एका मोबाईलभोवती दाटीवाटीने बसली होती. बहुतेकांनी हा खेळ पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी अंगणात बाभळीच्या वाकड्या काठ्या निघाल्या आणि चिंध्यांचा चेंडू. आमचा एक डावखुरा मुलगा विचारू लागला, "सर, मी उलट्या बाजूनं मारलं तर चालंल का?" चालत नाही. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते, चेंडू त्याच बाजूने मारायचा. डावखुऱ्यांसाठी वेगळी काठीही नसते. हे ऐकून तो जरा हिरमुसला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना हॉकी म्हटले की मेजर ध्यानचंद आठवतात. 1928 ते 1956 या काळात भारताने ओळीने सहा सुवर्णपदके जिंकली. त्यातले पहिले, ॲमस्टरडॅमचे, ज्या संघाने जिंकले त्याचे कर्णधार होते जयपाल सिंग मुंडा. ते आदिवासी. रांचीच्या मिशन शाळेत शिकले आणि तिथून ऑक्सफर्डला गेले. त्या स्पर्धेत भारताने 29 गोल केले, एकही स्वीकारला नाही. मतभेदांमुळे जयपाल सिंग अंतिम सामना मात्र खेळले नाहीत. पुढे घटना समितीत आदिवासींच्या बाजूने बोलणारे तेच. हा माणूस आपल्या मंडळ्यांमध्ये इतका कमी माहीत असावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

ते सारे सामने गवतावरचे. मग 1976 साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर, म्हणजे टर्फवर आली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. गवतावर चेंडू उसळतो, अडतो. तो काठीवर खेळवत नेण्याचे कसब आपल्या खेळाडूंकडे होते. टर्फवर चेंडू सपाट आणि वेगाने पळतो, तिथे दमसास, ताकद आणि लांब पास लागतात. युरोपात अशी मैदाने भराभर झाली. आपल्याकडे खेळाडू लहानपणी गवतावर किंवा मातीवर शिकायचा आणि मोठेपणी एकदम टर्फवर उभा राहायचा.

धनराज पिल्ले हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला गरीब घरचा मुलगा. नवी काठी परवडत नसे म्हणून तुटलेल्या काठ्या दोरीने बांधून ही भावंडे खेळली. थोरला भाऊ रमेश हॉकीसाठी मुंबईला गेला होता, त्याच्या मागोमाग धनराजही गेला. नुसते कसब असून भागले नाही, हात धरून पुढे नेणारे कोणी तरी घरातच होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे धनराज 1992 ते 2004 अशी चार ऑलिंपिक खेळले. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी सुवर्ण जिंकले. त्यानंतर लगेच त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना 'विश्रांती' म्हणून संघातून वगळण्यात आले. विश्रांती कोणी मागितली होती?

मुलींची गोष्टही पुण्यापाशीच येते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला हॉकी पहिल्यांदा आली आणि पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण घेतले. त्याच स्पर्धेत पुरुषांचा संघ अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 1-7 असा हरला. लोकांना तो पराभव जास्त आठवतो!

आज भारतीय संघांत आदिवासी खेळाडू येतात ते प्रामुख्याने ओडिशाच्या सुंदरगढ आणि झारखंडच्या सिमडेगा, खुंटी या भागांतून. तिथे गावोगावी बांबूच्या काठीने हॉकी खेळतात आणि जिंकणाऱ्या संघाला बोकड बक्षीस मिळतो. पण आमच्या बाभळीच्या काठीपासून तिथल्या बांबूच्या काठीपर्यंत फारसे अंतर नाही. फरक पुढे पडतो. सुंदरगढमध्ये सरकारी क्रीडा वसतिगृहे आहेत. राहणे, दोन वेळचे पोटभर जेवण, शाळा आणि प्रशिक्षक एकाच ठिकाणी. तीन ऑलिंपिक खेळलेले दिलीप तिर्की अशाच व्यवस्थेतून वर आले. टोकियोत चौथ्या आलेल्या महिला संघात खुंटीची निक्की प्रधान आणि सिमडेगाची सलीमा टेटे होत्या.

टर्फ म्हणजे काही कोटींचे काम. शिवाय मोठ्या स्पर्धांच्या टर्फवर सामन्याआधी पाणी मारावे लागते, म्हणजे चेंडू सरळ पळतो आणि पडल्यावर कातडी सोलत नाही. नळदुर्गात, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हाला हे सांगताना मुलेच हसली.

मागच्या वर्षी एका कुटुंबाने सहा खऱ्या काठ्या पाठवल्या. त्यांचे मनापासून आभार. आमच्या मुरमावर दोन महिन्याभरातच चिरल्या, त्या आता दोरीने बांधल्या आहेत. तो डावखुरा मुलगा मात्र मनगट फिरवून काठी उलटी करायला शिकला आहे, आणि आता डावीकडून आलेला चेंडू तोच सगळ्यांत आधी अडवतो.